टुरिस्ट पासिंगची गाडी घेतलीत? ब्रेकचा पार्ट मागण्याआधी हे बघा

'डिझायर, २०१८, पुढचे पॅड द्या' असं सांगून पॅड आणले आणि ते कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) बसलेच नाहीत, हे आधी टॅक्सी म्हणून चाललेल्या गाडीच्या बाबतीत सहज होतं. मे २०१७ मध्ये डिझायरची नवी पिढी आली, पण टॅक्सीसाठी मारुतीने २०१२ची जुनी बॉडी 'टूर एस' या नावाने चालूच ठेवली. त्यामुळे २०१८ची टूर एस आणि त्याच साली घरगुती वापरासाठी विकलेली डिझायर या दोन वेगळ्या गाड्या आहेत. पिवळी पाटी जाऊन पांढरी आली, मागचा बिल्ला निघाला, की काउंटरवरच्या माणसाला हे कळणार कसं? म्हणून ब्रेकचा पार्ट नाव आणि सालावर घेऊ नका, चासी नंबरावर घ्या.

चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, तेव्हा तसं काही दिसलं तर तो एक किंवा शून्य समजा. आरसीवरचा नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी ताडून बघा. किनाऱ्याकडच्या गाडीवर तो गंजाखाली गेलेला असतो. तिथे ग्राइंडर लावू नका. रॉकेल आणि पितळी ब्रशने हलकं घासा, मग खडू फिरवा, आकडे उठून दिसतात. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि साल असतं, तेच धरा. पासिंग कित्येकदा काही महिन्यांनी झालेलं असतं.

कंपनीच्या पार्ट काउंटरवर हा नंबर देऊन एकाच फेरीत सगळे पार्ट नंबर लिहून घ्या: पुढचे पॅड, डिस्क, मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे), ड्रम, व्हील सिलिंडर (लायनर ढकलणारा), होज पाईप, हँडब्रेकची केबल. शेवटची अक्षरंही लिहा. एका अक्षराच्या फरकाने एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि बिनएबीएसचा पार्ट वेगळा होऊ शकतो. विद्यमान मॉडेलच्या कारना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे त्या तारखेच्या आगेमागे बनलेल्या एकाच मॉडेलच्या गाड्यांत हब-बेअरिंग वेगळं असू शकतं. काही बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय रिंग असते. ते उलटं बसवलं किंवा साधं घातलं तर चाक फिरतं, पण एबीएसचा दिवा विझत नाही.

पार्ट नंबर हातात आला तरी पैसे लगेच मोजू नका. कंपनी किंवा ट्रॅव्हल्सच्या यार्डात गाडी उभी राहणं परवडत नाही, म्हणून दुसऱ्या गाडीचा कॅलिपर किंवा मागची अख्खी प्लेट (लायनर ज्यावर बसतात ती) उचलून बसवलेली असते. चाकं काढून, जे आहे ते मोजाच.

पॅडच्या पत्र्याची लांबी, उंची आणि एकूण जाडी व्हर्नियरने घ्या, क्लिपची जागा बघा. पत्र्याच्या कोपऱ्यांवर कानस फिरवल्याची चमक दिसली तर तो पॅड या कॅलिपरचा नव्हेच. तो नमुना म्हणून दुकानात नेलात तर तीच चूक पुन्हा विकत घ्याल. डिस्कचा व्यास, जाडी, टोपीची (मधल्या उचललेल्या भागाची) उंची, मधलं भोक आणि बोल्टची संख्या-अंतर मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते: २२ मिमीच्या हवेशीर डिस्कला बहुधा २०. ड्रमवर कमाल व्यास असतो, लहान ड्रमला मूळ मापापेक्षा साधारण १ ते २ मिमी जास्त. टॅक्सीचा ड्रम लेथवर दोन-तीनदा फिरवलेला असणं अगदी शक्य आहे. त्यात नवा लायनर फक्त मधोमध टेकतो, पेडल खोल जातं, आणि दोष बिचाऱ्या लायनरच्या माथी येतो.

व्हील सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, बहुतेकदा अंगावर उठवलेला असतो. तो दोन्ही बाजूंना सारखाच हवा. मोठ्या बोअरचा घातला तर मागचं चाक आधी लॉक होतं, आणि आंबोलीच्या ओल्या वळणावर गाडीची शेपटी फिरायला तेवढं पुरतं.

पिकअप किंवा मालवाहू गाडी असेल तर मागच्या ॲक्सलपासून चासीकडे जाणारी दांडी शोधा. तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह: गाडी भाराने किती खाली बसली त्यावर मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. मासळी किंवा जांभा वाहणाऱ्या गाडीत कमानीत (मागच्या स्प्रिंगमध्ये) जादा पाटा घातलेला असतो. मग भरलेली गाडीसुद्धा व्हॉल्व्हला रिकामी वाटते, मागे दाब कमी जातो आणि पुढचे पॅड भराभर संपतात. इथे पॅडचा ब्रँड बदलून काही होत नाही. जादा पाटा काढा किंवा दांडी मॅन्युअलमधल्या मापाने लावा. तारेने वर बांधून ठेवली तर रिकाम्या गाडीची मागची चाकं घसरतात.

बंदरावर फिरलेल्या गाडीच्या मागच्या ब्रेकच्या लोखंडी पाईपांवर मासळीच्या बर्फाचं खारं पाणी ठिबकलेलं असतं. क्लिपच्या आतला भाग बघा, गंज तिथेच खातो. नवा पाईप घेताना नटाचा आटा आणि टोकाचा आकार जुळवा. एम१०, १ मिमी पिच सर्रास मिळतो, पण जुन्या गाड्यांत इंची आटेही आहेत. हाताने तीन-चार फेरे सहज गेले नाहीत तर पाना लावू नका.

पार्ट चिपळूण, रत्नागिरी, कुडाळला मिळाला नाही तर कोल्हापूरहून मागवावा लागतो. पावसात घाट बंद पडला की चुकीचा पार्ट परत पाठवणं म्हणजे चार दिवस गाडी उभी, म्हणून फोनवर पार्ट नंबर, माप आणि फोटो तिन्ही द्या. डब्यावरचा नंबर पार्टवरच्या छापाशी जुळतो का बघा. पॅडवर कंपनी, बॅच काहीच नसेल तर घेऊ नका. टीव्हीएस गर्लिंग, बॉश, राणे असा ओळखीचा माल बिलासकट घ्या. पॅड आणि लायनर नेहमी ॲक्सलचा पूर्ण संच, म्हणजे चार-चार.

ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलं आहे तेच. डॉट ४चा उत्कलनबिंदू नव्याने किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर किमान मर्यादा १५५. आपल्या दमट हवेत उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. पूर्ण बदलायला साधारण एक लिटर धरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. कॅलिपरच्या पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावा, आणि रबर किट डिझेलने धुऊ नका. साध्या ग्रीसने आणि डिझेलने रबर फुगतं, ब्रेक धरून राहतो.

बसवून झाल्यावर सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या. नंतर चारही चाकांना बाहेरून हात जवळ नेऊन बघा, टेकवू नका. एकाच ॲक्सलवरच्या दोनपैकी एक चाक जास्त तापलेलं असेल तर तिथला कॅलिपर, सिलिंडर किंवा हँडब्रेकची गंजलेली केबल सुटत नाहीये. ते सोडवेपर्यंत आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरू नका.