पंगतीत वाढणाऱ्या मधुमेहींनी आधी जेवावे
गावच्या भंडाऱ्यात किंवा वारीतल्या अन्नछत्रात वाढपी शेवटच्या पंगतीला बसतात, ही रीत कितीही सुंदर असली तरी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने ती पाळू नये. औषधाचा परिणाम चालू असताना तासन्‌तास उपाशीपोटी वावरल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. नेहमीच्या वेळी जेवूनच वाढायला उभे राहावे. हातपाय थरथरले, घाम फुटला किंवा साखर प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली आढळली, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. प्रसादाचा लाडू तेव्हा उपयोगाचा नाही, कारण तुपामुळे त्यातील साखर रक्तात उशिरा पोहोचते. सोबतच्या एखाद्या वाढप्याला आपल्या आजाराची आधीच कल्पना देऊन ठेवावी.