आर्गॉनच्या माऱ्यानंतर मिश्रधातूचे आकडे चुकतात? या चुका टाळा

तांबं-निकेल ५०:५० असा नमुना. २ केव्हीच्या आर्गॉन आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा करून वरचा थर उडवून साफ केला आणि ऑजे स्पेक्ट्रममध्ये (बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारा आलेख) तांबं चाळीस टक्क्यांच्याही खाली दिसलं. लगेच धातू पुरवणाऱ्यावर खापर फोडू नका. नमुना बहुधा ठीकच असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आकडे स्थिरावले की खरी रचना दिसतेय असं धरून चालणं. निकेलपेक्षा तांब्याचे अणू सैल बांधलेले असतात (प्रति अणू सुमारे ३.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, निकेलचे ४.४), त्यामुळे सुरुवातीला तेच जास्त उडतात. पृष्ठभागावर तांबं कमी होत गेलं की त्याचं उडणंही मंदावतं. शेवटी बाहेर पडणाऱ्या अणूंचं प्रमाण आतल्या धातूइतकं होतं, आकडा स्थिर होतो, पण वरचा थर निकेलप्रधानच राहतो. तांबं निकेलच्या १.७ पट सहज उडतं असं धरलं, तर वर तांबं उरेल ३७ टक्के. उपाय एकच भरवशाचा: रासायनिक विश्लेषणाने रचना पक्की माहीत असलेला त्याच मिश्रधातूचा तुकडा त्याच ऊर्जेने, त्याच कोनातून आयन मारून गुणक (मोजलेल्या आकड्यावरून खरं प्रमाण काढून देणारा) काढा. शुद्ध तांबं आणि शुद्ध निकेल यांवरून काढलेले गुणक इथे पुरत नाहीत. व्हॅक्यूममध्येच खरवडलेला ताजा पृष्ठभाग ताडून पाहायला उत्तम.

मारा लवकर आटोपू नका. प्रति चौरस सेंटिमीटर १ मायक्रोअँपिअर प्रवाह आणि एका आयनामागे दोन अणू, या हिशेबाने अणूंचा एक थर जायला सुमारे दोन मिनिटं लागतात. बदललेला थर दोन-तीन नॅनोमीटरचा, म्हणजे दहा-पंधरा अणुथरांचा. तेवढं जायला अर्धा तास द्यावाच लागतो.

स्पेक्ट्रममधली शिखरं निवडतानाही फसगत होते. निकेलचं ८४८ इलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर तांब्याच्या ८४९ वर बसतं, आणि ६० च्या आसपास तर दोघं एकमेकांत मिसळलेले. तांब्यासाठी ९२०, निकेलसाठी ७१६ घ्या.

नमुना तापू देऊ नका. मारा थांबवून ५०० अंशांवर तापवला की तांबं आपोआप वर येतं आणि चित्र उलटं दिसतं. गरम असतानाच मारलं तर वर आलेलं तांबं उडत राहतं, आणि खालपर्यंतच्या थरातलं तांबं कमी कमी होत जातं. कार्बन टेपवर भिस्त नको. उष्णता निघून जावी म्हणून नमुना धातूच्या क्लिपने घट्ट बसवा, आयनांचा प्रवाह कमी ठेवा.

क्रोमियम किंवा टायटॅनियम असेल तर आर्गॉनची नळी आधी नीट फ्लश करा, नाहीतर साफ करता करताच ऑक्साइड चढतो. आणि टायटॅनियम डायऑक्साइडवर मारा केल्यावर ३+ टायटॅनियम (डायऑक्साइडमध्ये तो ४+ असतो) दिसला, तर तो मूळ नमुन्यात होता असं लिहू नका. आयनांनीच ऑक्सिजन उडवलेला असतो.