फेल्डस्पारवर अतिनील दिवा धरताना

प्रकल्पाला फेल्डस्पार मिळाला तेव्हा माझं तोंड पडलं होतं. विलेमाइट हे चमकणारं खनिज मिळालेले सोबती अतिनील दिवा लावला की हिरव्या उजेडात फोटो काढत बसायचे; माझे तुकडे काळे ते काळेच. पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून जास्त भाग या खनिजगटाचा, पण अतिनील दिव्याखाली तो बहुतेकदा गप्पच राहतो. हे आधी माहीत असलं की दिवा बिघडलाय असं वाटत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात माझा 'शोध' लागला. मायक्रोक्लीन या फेल्डस्पारच्या तुकड्यावर लख्ख निळे ठिपके! मायक्रोक्लीन शॉर्टवेव्हखाली (आखूड लहरींच्या अतिनील किरणांत) निळा चमकतो हे वाचलेलं होतंच. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनचे तसे नमुने प्रसिद्ध आहेत. वहीत नोंद केली, मग भिंग लावलं. भेगांत कापडाचे धागे आणि धुण्याच्या पावडरीचे कण अडकले होते. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत जे द्रव्य घालतात ते अतिनील किरणांत निळं चमकतं, आणि नमुना मी त्याच पावडरीने घासला होता. तेव्हापासून नुसतं पाणी आणि ब्रश. शंका आली तर नमुना फोडून ताजा पृष्ठभाग बघायचा.

चमक खरी असली तरी ती सहसा शुद्ध फेल्डस्पारची नसते, त्यात घुसलेल्या पाहुण्यांची असते. ॲल्युमिनियमच्या जागी फेरिक (तीन धनभारांचं) लोह बसलं तर गडद लाल, युरोपियम या मूलद्रव्याच्या दोन धनभारांच्या रूपामुळे निळी, प्लॅजिओक्लेजमध्ये (सोडियम-कॅल्शियमच्या फेल्डस्पारमध्ये) कॅल्शियमच्या जागी मँगनीज आलं तर पिवळसर हिरवी. म्हणून नुसत्या रंगावरून खनिजाचं नाव ठरवायला जाऊ नका. सायनाइट या फेल्डस्पारयुक्त खडकात लाँगवेव्हखाली (लांब लहरींच्या अतिनील किरणांत) नारिंगी पेटलेलं दिसलं तर तो बहुधा सोडालाइट हे वेगळं खनिज, शेजारचा फेल्डस्पार नव्हे. लॅब्राडोराइट या फेल्डस्पारची निळी झळाळी तर साध्या उजेडातलीच. आतल्या पातळ थरांमुळे होणारा तो प्रकाशाचा खेळ. तो नमुना दरवर्षी कुणीतरी मोठ्या उत्साहाने घेऊन येतंच.

मला सगळ्यात छळलं ते लोहाच्या लालीने. ती 700 ते 750 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्याच्या पार कडेला. मोबाइलचा कॅमेराही तिथला बराच प्रकाश गाळून टाकतो. त्यात दिव्यातून निसटलेला जांभळा उजेड नमुन्यावरून परावर्तित होऊन सगळं झाकतो. दिव्याला चांगला फिल्टर लावा, दहा-पंधरा मिनिटं अंधारात बसा, मगच 'नाही' लिहा.

आणखी एक युक्ती. दिवा आणि नमुना यांच्यामध्ये साधी काच धरा. 254 नॅनोमीटरचे किरण तिच्यातून जात नाहीत, 365 चे बरेचसे जातात. काच धरताच चमक विझली तर ती शॉर्टवेव्हची. पण डोळ्यांवर अतिनील रोखणारा चष्मा हवाच, आणि हातमोजेही. मी एकदा उघड्या मनगटाने तासभर नमुने फिरवले. संध्याकाळी मोज्याच्या कडेपासून बाहीपर्यंत लालभडक पट्टा उठला होता.