जुन्या चित्रातलं जहाज ओळखायचं कसं: आधी नाळ, मग शिडं

माहितीफलकांवर, लेखांत आणि व्हॉट्सॲपवर 'आंग्र्यांचं आरमार' म्हणून फिरणाऱ्या चित्रांत अनेकदा चक्क इंग्रजी युद्धनौका असते. तीन उंच डोलकाठ्या, चौकोनी शिडं, दोन मजल्यांवर तोफांच्या खिडक्या. चित्र चुकलं की आपलं आरमार लढत कसं होतं, तेही चुकीचंच समजतं. म्हणून चित्र वापरण्याआधी तपासून घ्या.

सुरुवात शिडांपासून करू नका. गुराब म्हणजे मराठी आरमारातलं मोठं लढाऊ जहाज. तिच्यावरही चौकोनी शिडं चढवत, आणि फसगत होते ती इथेच. आधी नाळ, म्हणजे समोरचं टोक पाहा. इंग्रजी जहाजाची पुढची बाजू फुगीर, गोलसर आणि उंच असते. गुराब मधोमध रुंद, पुढे निमुळती होत जाते आणि तिची नाळ लांब, सरळ बाहेर आलेली दिसते. या नाळेवरचा तक्ता मुख्य डेकच्याच पातळीत असतो, पण दोहोंच्या मध्ये फळ्यांची आडवी भिंत असते. नाळेला कठडा नसतो. समोरून लाटा आल्या की गुराब जोरात खालीवर होई, नाळेवर पाणी चढे. कठडा नसल्यामुळे ते लगेच वाहून जाई. चित्रात नाळेला बाजूच्या भिंती असतील, तर चित्रकाराने गुराब पाहिलेली नाही असं बिनदिक्कत समजा.

आता त्या आडव्या भिंतीत दोन भोकं शोधा. त्यांतून ९ ते १२ पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा नाळेवरून थेट समोर मारा करत. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी, म्हणजे हलक्या. खरा जोर पुढच्या तोफांवर होता, कारण हल्ला शत्रूच्या पाठीमागून व्हायचा. मागून डोलकाठ्या आणि दोरखंड तोडायचे, जहाज लुळं पडलं की माणसं चढवायची. मोठ्या इंग्रजी जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही बाजूंना असत, त्यामुळे त्याची पाठ उघडी पडे.

डोलकाठ्यांवरून वजनाचा अंदाज बांधता येतो. दोन काठ्यांची गुराब साधारण १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची सुमारे ३०० टनांची. रुंदीच्या मानाने ती पाण्यात फार कमी बुडे, म्हणून खाडीत शिरू शके. चित्रात पाण्यावरचा भाग डोंगरासारखा उंच दिसला तर शंका घ्या.

गलबत ओळखायचं ते वल्ह्यांवरून. आज आपण कुठल्याही जहाजाला गलबत म्हणतो, पण आरमारातलं गलबत म्हणजे गुराबेच्याच घाटाची लहान नौका, क्वचितच ७० टनांवर. दोन काठ्या, त्यांतली मागची अगदी किरकोळ. पुढच्या काठीवर एक मोठं तिकोनी शीड, त्याचं टोक काठीच्याही बरंच वर. एकूण वल्ही ४० ते ५०. चित्रात एकच बाजू दिसते, तेव्हा २० ते २५ मोजून भरली पाहिजेत. वेग तासाला ४ मैलांच्या आसपास. वारा पडला की हीच गलबतं गुराबांना ओढून नेत. १६७९ मध्ये खांदेरीला वल्ह्यांच्या नौकांनी इंग्रजांना जेरीस आणलं, ते याच जोरावर.

फत्तेमारी हे व्यापारी जहाज. तिची नाळ तिरकी आणि लांब, काठ्या पुढे झुकलेल्या, शिडं तिकोनी. वल्ह्यांची रांग नसते.

निशाणावरून मात्र निर्णय करू नका. पकडलेली जहाजं आरमारात घेतली जात. तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्यात 'रेस्टोरेशन' हे इंग्रजांकडून जिंकलेलं जहाज होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावरच्या हल्ल्यात त्याला आग लागली आणि ती साऱ्या ताफ्यात पसरली. म्हणजे मराठी निशाणाखाली इंग्रजी घाटाचं जहाज असू शकतं. अशा चित्राखाली 'गुराब' लिहू नका, 'मराठी आरमारातील जहाज' एवढंच लिहा.

आकाराचा अंदाज डोळ्यांत बसवायचा असेल, तर विजयदुर्गापासून सुमारे ३ किलोमीटरवर वाघोटन खाडीत कातळात खोदलेली गोदी पाहा: लांबी १०९ मीटर, रुंदी ७०. तळ दिसायला ओहोटी हवी. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. द्वितीयेला रात्री दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस धरा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असताना, पाणी पुरेसं उतरत नाही. हिशेबात अर्ध्या तासाचा फरक पडतोच, म्हणून आधीच पोहोचा आणि चिखलात एकट्याने उतरू नका.