गाडी ऑइल खाते, त्यात आपल्या पायाचा वाटा किती?

एकच मॉडेल, दोन्ही गाड्या साठ हजार किलोमीटर चाललेल्या. एकीला दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये थेंबभर टॉप-अप लागत नाही, दुसरीला लिटरभर लागतो. दरवेळी यात इंजिनाचाच दोष असतो असं नाही, चालवण्याच्या पद्धतीनेही ऑइलचा खप बदलतो. पण तुमच्या गाडीत तो किती बदलतो हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

आधी मोजा

गाडी सपाट जागी उभी करा. पार्किंगचा बारीकसा उतार आपल्या डोळ्यांना जाणवत नाही, डिपस्टिकला (ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीला) जाणवतो. म्हणून दरवेळी तीच जागा आणि गाडीचं तोंड त्याच दिशेला. इंजिन गरम करून बंद करा आणि दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या भांड्यात) उतरेल. डिपस्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. दोन बाजूंना पातळी वेगळी दिसली तर कमी दिसणारी खरी धरा. दुसऱ्या बाजूला बहुधा नळीच्या कडेचं ऑइल लागलेलं असतं.

आता डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. एका वेळी शंभर मिली घालायचं, पाच मिनिटं थांबून बघायचं. खुणेच्या वर फार गेलं तर क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो आणि तो फेस ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) थेट इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात जातो. म्हणजे जास्त भरलेली गाडी जास्त खाते.

किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. उरलेला कॅन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन टिपून घ्या. १००० किमी झाल्यावर त्याच जागी, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा आणि कॅन परत तोला. ऑइलची घनता साधारण ०.८५ असते, म्हणजे कॅनमधून ८५ ग्रॅम कमी झाले तर इंजिनाने १०० मिली खाल्लं.

धडधाकट पेट्रोल इंजिन १००० किमीला १०० मिलीच्या आत राहतं. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये अर्धा ते एक लिटर खपही चालेल असं छापलेलं असतं, पण ती वॉरंटी नाकारायची सोय आहे, तब्येतीचं लक्षण नव्हे.

पाय कुठे नडतो

पिस्टन खाली जाताना सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहतो आणि ज्वलनात त्याचा थोडा भाग जळतो. आरपीएम दुप्पट झाला की हे दुप्पट वेळा होतं. शिवाय क्रँककडून भिंतीवर जास्त ऑइल उडतं, ते खरवडायला पिस्टनवरच्या रिंगांना वेळ कमी मिळतो, आणि रिंगांमधून निसटलेला वायू ऑइलचे तुषार ब्रीदरमधून ओढून नेतो. तिसऱ्या गिअरवर ४५०० ला ताणत ओव्हरटेक करायची सवय असेल, तर टॉप-अपचा खर्च तिथेच होतो. हायवेवर पेट्रोल गाडी २००० ते ३००० आरपीएममध्ये ठेवा.

ॲव्हरेजच्या नादात पाचव्या गिअरवर चाळीसने रेटणंही वाईटच. अशा सततच्या चालवण्याने कार्बन साचतो, ऑइल रिंगांची छिद्रं बुजतात आणि वर्षा-दोन वर्षांनी खप वाढतो.

घाटाचं प्रकरण वेगळं. ताम्हिणी उतरताना पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरवर आणि ॲक्सिलरेटर सोडलेला, म्हणजे थ्रॉटल (हवा आवरणारी झडप) बंद. इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलमधून) तो ऑइल आत खेचतो. पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागून निळ्या धुराचा झोत आला, तर संशय सीलवर घ्या. यावर उपाय म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. ब्रेक तापून निकामी होतात. उतरायचं गिअरमध्येच, सील बदलून घ्यायचे. बहुतेक डिझेल इंजिनांत पेट्रोलसारखं थ्रॉटलने वेग आवरत नाहीत, म्हणून तिथे हा त्रास फारसा नसतो.

फसवणारी पातळी

रोज तीन-चार किलोमीटर ऑफिस आणि परत, एवढंच चालवणाऱ्याला वाटतं गाडी काहीच खात नाही. खरं म्हणजे इंजिन पुरतं तापतच नाही, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये मिसळत राहतो आणि खपलेल्याची जागा भरून काढतो. मग एकदा पुणे-नागपूर होतं, ते सगळं उडून जातं, पातळी एकदम खाली येते आणि दोष हायवेला लागतो. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी आणि संपवण्याआधी गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर सलग पळवा.

डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये शहरात रीजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, वारंवार अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेच्याही वर आणि डिपस्टिकला डिझेलचा वास, अशी स्थिती दिसली की नुसतं थोडं काढून टाकू नका, ऑइल बदला.

निकाल कसा लावायचा

पहिले १००० किमी नेहमीसारखे चालवा, पुढचे १००० तशाच रस्त्यांवर शांतपणे. खप निम्म्यावर आला तर पाय आवरा. फरकच पडला नाही, तर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी डाग दिसला तर गळती आहे. फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आधी बघा. पुठ्ठा कोरडा असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (ब्रीदरचा वायू इनटेककडे सोडणारा) तपासा, तो स्वस्तातला भाग आहे.

लाल दिवा लागेपर्यंत थांबू नका. तो ऑइलचा दाब सांगतो, पातळी नव्हे; तो लागेपर्यंत बेअरिंगला इजा झालेली असू शकते. खप कमी करायला ०डब्ल्यू-२० या पातळ ऑइलच्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे दाट ऑइल ओतण्याचा सल्लाही ऐकू नका. थंड इंजिनात ते वेळेवर वर चढत नाही.

गॅरेजवाला थेट "हाफ इंजिन करावं लागेल" (म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगांचं काम) म्हणाला, तर आधी चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे, म्हणजे आत तयार होणाऱ्या दाबाचे आकडे मागा. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या. चारही आकडे चांगले असूनही सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येत असेल, तर काम सीलचं आहे. बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन हेड न उतरवता सील बदलता येतात.