इंग्लंडमधली मोठी बाग आणि शरदातली साफसफाई: या चुका टाळा

सरे परगण्यातल्या एका जुन्या, मोठ्या शोभेच्या बागेत मी स्वयंसेवक म्हणून जाते. पहिल्याच ऑक्टोबरात दिवाळी तोंडावर आलेली, अंगण झाडायची सवय हाडात मुरलेली. मी कुंपणाच्या झुडपांखालची बीच झाडाची पानंसुद्धा खराट्यानं लख्ख काढली. मुख्य माळीबाईंनी ती सगळी परत पसरायला लावली.

हिरवळीवरची पानं काढाच, खालचं गवत मरतं. वाटांवरची घसरतात, तळ्यातली कुजून पाणी बिघडवतात, गुलाबाची काळ्या डागांची पानं रोग पसरवतात. बाकीची झुडपांखाली राहू द्या. हेजहॉग साधारण नोव्हेंबर ते मार्च अशाच पाचोळ्यात झोपतो. दिसायला छोटं साळिंदर, पण नात्यानं चिचुंद्रीच्या जवळचा.

त्याच्या जिवावर बेतणारी चूक शेकोटीची. ५ नोव्हेंबरच्या गाय फॉक्स रात्रीसाठी, म्हणजे इथल्या शेकोट्यांच्या सणासाठी, लोक कितीतरी दिवस आधीपासून फांद्या रचतात, आणि हेजहॉगला तो आयता निवारा वाटतो. पेटवायच्या दिवशीच ढीग दुसऱ्या जागी नव्यानं रचा. ते अगदीच जमलं नाही, तर काठीनं फांद्या हळूच उचलून टॉर्चनं आत बघा आणि एकाच बाजूनं पेटवा, म्हणजे दुसरीकडून पळायला वाट राहते. दाताळं मात्र आत खुपसू नका.

त्याला दूधही देऊ नका, पचत नाही, जुलाब होतात. पाणी आणि मांजराचं खाणं चालतं. भरदिवसा उघड्यावर निपचित पडलेला दिसला, तर तो बहुतेक आजारी असतो. जाड हातमोजे घालून खोक्यात ठेवा, ऊब द्या, लगेच वन्यजीव उपचार केंद्राला फोन करा.

भिंतीवरची आयव्हीची वेल आत्ता छाटू नका. बाकी फुलं संपत आली की ही बहरते. तिच्यावर रेड ॲडमिरल फुलपाखरं येतात, आणि मुख्यतः याच फुलांवर जगणारी आयव्ही मधमाशी, जिची ब्रिटनमधली पहिली नोंद २००१ ची, डॉर्सेटमधली. छाटणी फेब्रुवारीअखेर, घरटी सुरू होण्याआधी. होली आणि कोटोनिॲस्टर या झुडपांच्या लाल फळांनाही तोवर कात्री लावू नका.

झाडाखालची सफरचंदं सगळी उचलू नका. चटणीपुरती घ्या, उरलेली गवतावर राहू द्या. ऑक्टोबरात स्कँडिनेव्हियाकडून रेडविंग आणि फील्डफेअर हे पक्षी येतात, दोघंही आपल्या कस्तुराचे भाऊबंद, आणि थंडी वाढली की याच सफरचंदांवर उतरतात.