वापरलेली गाडी घेतल्यावर झिजलेला क्लच कसा बदलावा

वापरलेली गाडी घेताना इंजिन, टायर आणि कागदपत्रे बारकाईने पाहिली जातात. क्लच मात्र बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या आवरणाच्या, आत दडलेला असल्यामुळे त्याची खरी अवस्था बहुधा पहिला घाट चढतानाच कळते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही आणि थोड्याच वेळात जळका वास येऊ लागतो. पुढील माहिती देताना पुढच्या चाकांवर चालणारी आणि केबलचा क्लच असलेली, जुन्या अल्टो किंवा वॅगन-आरसारखी लहान गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे.

गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी क्लच खरोखरच संपला आहे याची खात्री करून घ्यावी. आधी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधी पेडल जेवढे मोकळे दबते ते अंतर, पाहावा. क्लचप्लेट, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी घर्षणाची चकती, झिजत जाते तसा हा प्ले कमी होतो, आणि तो अजिबात उरला नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लचप्लेटला दाबून धरणाऱ्या भागाच्या, बोटांवर सतत दाब देत राहते. त्यामुळे प्लेट शाबूत असूनही क्लच स्लिप होऊ शकतो. अशा वेळी केबलचा नट सैल करून गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाइतका प्ले ठेवावा आणि पुन्हा चाचणी घ्यावी. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढून, चाकांना अडण लावून, इंजिन गरम असताना वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडला की इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. ते तसेच चालू राहिले, तर क्लच धरत नाही असे समजावे. ही चाचणी वारंवार करू नये, कारण प्रत्येक वेळी प्लेट आणखी जळते.

या कामात खरा खर्च मजुरीचा आणि वेळेचा असतो, म्हणूनच केवळ क्लचप्लेट बदलून पैसे वाचवणे मला पटत नाही. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट घ्यावा. त्याबरोबर क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील, ड्राइव्ह शाफ्टची (चाके फिरवणाऱ्या दांड्यांची) सील आणि गिअर ऑइलही आणून ठेवावे. गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक नसताना जुन्या सीलवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. गिअर ऑइल काढून टाकावे, ड्राइव्ह शाफ्ट, क्लच केबल, गिअरचे लिंकेज, स्टार्टर आणि वायरिंग सोडवावे आणि इंजिनाला आधार दिल्यानंतरच गिअरबॉक्सचे माउंटिंग काढावे. गिअरबॉक्स खाली घेताना दुसरा माणूस हवाच.

प्रेशर प्लेट काढल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, कारण जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. मास्क लावून ती ओल्या फडक्याने टिपावी. मग जुनी प्लेट हातात घेऊन नीट पाहावी. अस्तर रिव्हेटपर्यंत झिजले असेल तर कारण उघड आहे. पण अस्तर जाड असूनही तेलकट असेल, तर गळती शोधल्याशिवाय नवी प्लेट बसवू नये: काळपट तेल बहुधा क्रँकशाफ्टच्या सीलमधून आलेले असते, तर उग्र, गंधकासारखा वास असलेले तेल गिअरबॉक्समधून आलेले असते. फ्लायव्हीलवर (क्लचप्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चकतीवर) निळसर डाग, बारीक तडे किंवा रिव्हेटने पाडलेल्या चरी दिसल्या, तर ते लेथवर फेस करून (घासून सपाट करून) घ्यावे किंवा बदलावे. काही गाड्यांमध्ये, विशेषतः डिझेल गाड्यांमध्ये, ड्युअल मास (दोन भागांचे) फ्लायव्हील असते; त्यावर लेथचे काम करू नये.

नवी प्लेट आधी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर सरकवून पाहावी. ती अडखळता कामा नये. शाफ्टच्या खाचांना उष्णतारोधक ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा आणि जास्तीचे पुसून घ्यावे, नाहीतर ते अस्तरावर उडते. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते, ती वाचूनच प्लेट लावावी. त्यानंतर सेंटरिंग टूल घालून प्लेट मध्यावर आणावी, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत आणि शेवटी टॉर्क पान्याने ठरलेल्या मापापर्यंत घट्ट करावेत. टूल सहज आत-बाहेर झाले, तरच प्लेट मध्यावर आहे.

गिअरबॉक्स वर चढवताना सर्वांत जास्त संयम लागतो. त्याचे वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळत ठेवले, तर नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो. थोडी फट उरली की बोल्ट आवळून ती मिटवण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास हाउसिंगचा कान तुटू शकतो. गिअरबॉक्स पातळीत आणून, हाताने किंचित हलवत सरकवावा. तो इंजिनाला पूर्ण टेकल्यावरच बोल्ट आवळावेत.

जोडणी झाल्यावर गिअर ऑइल भरावे, केबल नव्याने लावून फ्री प्ले ठेवावा आणि गाडी जागेवरच उभी ठेवून सर्व गिअर विनाआवाज पडतात का ते पाहावे. पहिले साधारण 500 किलोमीटर जोरात उचल घेणे, अर्ध्या क्लचवर चढावर थांबून राहणे आणि जड सामान ओढणे टाळावे. एवढे अंतर झाल्यावर प्ले पुन्हा मोजावा आणि बेल हाउसिंगच्या खालच्या कडेवर ताजे तेल आले आहे का, हे टॉर्चच्या उजेडात पाहून घ्यावे.